व्हॉल्व्हचा अँप्लिफायर : नवा की जुना?

सांगलीच्या पेठेत हळदीचा व्यापार करणारे एक घर उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणावे. घरातील वडीलधारे म्हणजे आबा. वय ऐंशीच्या पुढे गेलेले. काचबिंदूने त्यांची दृष्टी हळूहळू हिरावून नेली, तसे सकाळचे वर्तमानपत्र सुटले, संध्याकाळी वह्यांवरून नजर फिरविणे सुटले आणि पेढीवर येऊन बसणेही सुटले. उरले ते गाणे. कपाटात बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, भीमसेन जोशी यांच्या सव्वाशे तबकड्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. परंतु ज्या रेडिओग्रामवर त्या वाजत असत, तो पंधरा वर्षांपूर्वी घराला रंग देताना भंगारात गेला. पुढे एक साधा रेकॉर्ड प्लेअर आणि स्पीकरची जोडी घरात आली खरी, पण त्यांना जोडलेला लहानसा अँप्लिफायर ऐकून आबा दोन तबकड्यांनंतर "पुरे" म्हणतात. नातवाने स्वतःच्या दलालीतून ८०,००० रुपये बाजूला ठेवले आहेत. आबांना त्यांच्या ओळखीचा आवाज पुन्हा ऐकवावा, एवढीच त्याची इच्छा. आणि ओळखीचा आवाज म्हणजे व्हॉल्व्हचा.

त्याच्यासमोर दोन नग आहेत. एक नवा, चिनी कारखान्यात तयार झालेला, सारे काही एकाच पेटीत असलेला; किंमत ७५,००० रुपये आणि एक वर्षाची हमी. दुसरा पुण्यातील एका घरातला, अमेरिकेहून परतताना कुणीतरी सोबत आणलेला डायनॅको कंपनीचा एसटी ७०. त्याच्याबरोबर त्याच कंपनीची पीएएस ३ ही प्रीअँप्लिफायरची पेटी. दोन्ही मिळून मागणी ४५,००० रुपयांची. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. बाजारात ते वर-खाली होतील. हिशोबाची रीत मात्र बदलणार नाही.

नातवाला वाटले, जुन्यात ३०,००० रुपये वाचतात. वडील, म्हणजे घरातले अण्णा, कागद पुढे ओढून म्हणाले, "अरे, मागणी म्हणजे भाव नव्हे. वस्तू घरी येऊन वाजू लागेपर्यंत आपल्याला कितीला पडते, ते आधी मांड."

"मांडतो, अण्णा. पण जुन्यात काय काय बदलावे लागेल, ते तरी कुठे ठाऊक आहे?"

"मग तेच आधी शोधून ये. भाव नंतर बोलू."

व्हॉल्व्ह म्हणजे आतील हवा काढून टाकलेली काचेची नळी. आतील तार तापली की तिच्याभोवतीच्या धातूच्या नळकांड्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि बाहेरच्या पत्र्याकडे ओढले जातात. मधल्या जाळीवर दिलेल्या क्षीण संकेतानुसार त्यांचा प्रवाह कमी-जास्त होतो, आणि बारीक आवाजाचा मोठा आवाज होतो. इंग्लंडमध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये पहिला व्हॉल्व्ह सिद्ध केला, आणि अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ च्या सुमारास त्यात ती जाळी बसविली. १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला आणि व्हॉल्व्हचे दिवस मोजले जाऊ लागले. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओचे व्हॉल्व्ह बनविण्यास १९६१ मध्ये आरंभ केला. ठाण्याच्या कारखान्यातून निघालेला मर्फीचा रेडिओ ज्या घरांत होता, तेथील वडीलधाऱ्यांना बटण फिरविल्यानंतर आवाज येईपर्यंतची ती अर्ध्या मिनिटाची वाट अजून आठवत असेल.

एक गोष्ट प्रथमच स्पष्ट केलेली बरी. मापनयंत्राच्या कसोटीवर आजचा साधा ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरपेक्षा सरस ठरतो, आणि तोही पाव किमतीत. व्हॉल्व्हचा आवाज ज्यांना आवडतो, त्यांना त्याचा भरीवपणा आवडतो, तसेच ताण वाढला तरी तो एकदम न फाटता हळूहळू बोथट होत जातो, हेही आवडते. ही आवड आहे. तिला शास्त्राचे रूप देण्याचे कारण नाही. ज्याला केवळ स्वच्छ गाणे ऐकायचे आहे, त्याने हा खर्च करूच नये. आबांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या कानांनी तीस-चाळीस वर्षे याच आवाजात नाट्यसंगीत ऐकले, आणि आता कानांखेरीज त्यांच्यापाशी फारसे काही उरलेले नाही.

आणखी एक पूर्वतपासणी घरातच करावी. स्पीकरच्या मागील पट्टीवर किंवा त्याच्या माहितीपत्रकात डेसिबलचा एक आकडा असतो. तेवढ्याच आवाजासाठी ८७ डेसिबलच्या स्पीकरला ९३ डेसिबलच्या स्पीकरपेक्षा चौपट वॅट लागतात. आठ-दहा वॅटचा लहान व्हॉल्व्ह अँप्लिफायर स्वस्त पडतो म्हणून घ्यावा, आणि घरचे स्पीकर त्याला हलूही देऊ नयेत, असे पुष्कळदा घडते. या घरातील स्पीकर ८९ डेसिबलचे. दर बाजूला ३५ वॅट देणारा एसटी ७० त्यांना पुरून उरतो.

आता नव्या मालाकडे वळावे. नव्याची बाजू भक्कम आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. आपल्या २३० व्होल्टच्या विजेसाठी तो तयार असतो, हमी असते, बिल असते, आणि व्हॉल्व्हभोवती जाळीचे झाकण असते. बिघडला तर निदान कोणाचे दार ठोठवायचे हे ठाऊक असते. पुष्कळ नव्या अँप्लिफायरमध्ये व्हॉल्व्हचा प्रवाह आपोआप जुळविला जातो; मालकाला मीटर हातात धरावे लागत नाही. मात्र पेटीत सारे काही आहे असे विक्रेता म्हणतो तेव्हा तबकडीच्या सुईसाठी फोनोची जागा आहे का, हे विचारून घ्यावे. बहुतेकांत ती नसते. मग वेगळी फोनोपेटी घ्यावी लागते. तिचे ५,००० धरले तर नव्याची बेरीज बरोबर ८०,००० होते, आणि नातवाच्या हाती एक रुपयाही उरत नाही.

नव्यात आणखी एक फसगत आहे, आणि ती स्वस्त मालात अधिक. बाहेरून व्हॉल्व्ह दिसतात, नारिंगी उजेडही दिसतो. पण आत पाहावे तर स्पीकरला शक्ती देण्याचे काम एक चिप करीत असते. व्हॉल्व्ह केवळ आरंभीच्या लहानशा टप्प्यावर बसविलेला असतो, आणि उजेडही त्याचा नसून तळाशी लावलेल्या एलईडीचा असतो. पितळेवर सोन्याचा मुलामा द्यावा तसा हा प्रकार. ओळखण्याची खूण सोपी आहे: वजन. खऱ्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरमध्ये आऊटपुट ट्रान्सफॉर्मर असावेच लागतात, आणि ते लोखंड व तांब्याचे असल्यामुळे पेटी एका हाताने सहज उचलता येत नाही. एसटी ७० चे वजन १४-१५ किलो भरते. जो दोन किलोचा आहे आणि स्वतःला शंभर वॅटचा व्हॉल्व्ह अँप्लिफायर म्हणवितो, त्याच्याकडे पाहण्याचेही कारण नाही.

जुन्या मालाचे गणित याच लोखंड-तांब्यापासून सुरू होते. अमेरिकेत डेव्हिड हाफ्लर यांच्या डायनॅको कंपनीने एसटी ७० हा अँप्लिफायर १९५९ मध्ये बाजारात आणला. तो सुट्या भागांच्या संचाच्या रूपातही मिळत असे. घेणाऱ्याने घरी बसून जोडायचा आणि पैसे वाचवायचे. संचाची किंमत शंभर डॉलरला पाच सेंट कमी. त्याचे ट्रान्सफॉर्मर किमतीच्या मानाने फारच चांगले होते, म्हणूनच साठ वर्षांनंतरही तो वाजतो आहे आणि त्याचे सुटे भाग आजही नव्याने बनतात. जुना अँप्लिफायर घेणारा वस्तुतः ट्रान्सफॉर्मर विकत घेत असतो. बाकी जे काही आहे, ते झिजणारे, वाळणारे, बदलण्याजोगे. ट्रान्सफॉर्मर जळालेला असेल तर तो नव्याने गुंडाळून घेण्याचा खर्च साऱ्या सौद्याला गिळून टाकतो. ते शाबूत असतील तर उरलेले काम म्हणजे दुरुस्तीची मजुरी.

झिजणारे काय, तेही पाहावे. वीज साठविणारे मोठे कंडेन्सर आतून वाळतात. एसटी ७० मध्ये असा चार कप्प्यांचा एक मोठा डबा असतो आणि तो वापरात असो वा नसो, वयाने थकतोच. लहान कंडेन्सर गळू लागला की प्रकरण अधिक गंभीर होते. पुढच्या व्हॉल्व्हच्या जाळीवर नको तो धन दाब पोहोचतो, व्हॉल्व्हमधून वाजवीपेक्षा अधिक प्रवाह वाहतो, त्याचा पत्रा लाल होतो, आणि वेळीच बंद केला नाही तर त्यामागोमाग ट्रान्सफॉर्मरही जातो. म्हणजे शे-दोनशे रुपयांच्या तुकड्यापायी सौद्याचा गाभाच नष्ट होतो. जुने कार्बनचे रेझिस्टन्स ओल धरतात आणि त्यांचे मूल्य वर सरकते. कोकणात किंवा मुंबईत वीस पावसाळे काढलेल्या नगात हे हमखास आढळते. एसटी ७० च्या आत सेलेनियमचा एक जुना रेक्टिफायर असतो, तोही बदलून टाकलेला बरा. आणि त्याच्या पुढच्या टप्प्यावरील ७१९९ हा व्हॉल्व्ह आज सहज मिळत नाही. त्याऐवजी दुसऱ्या व्हॉल्व्हवर चालणारा नवा बोर्ड बसविण्याची पद्धत पडली आहे.

नातवाने आठ दिवस चौकशी करून कागद आणला तो असा. पुढच्या टप्प्याचा बोर्ड ६,०००. दोन्ही पेट्यांतील कंडेन्सर आणि रेक्टिफायर ९,०००. ईएल ३४ या चार मोठ्या व्हॉल्व्हचा जुळविलेला संच १२,०००. जीझेड ३४ हा रेक्टिफायर व्हॉल्व्ह ३,०००. व्होल्टेज उतरविणारा ट्रान्सफॉर्मर ४,०००. कारागिराची मजुरी ६,०००, आणि पुण्याहून आणण्याचा खर्च २,०००. एकूण ४२,०००. मागणीचे ४५,००० त्यात मिळविले तर ८७,००० रुपये. ज्याला स्वस्त म्हटले होते, तो नव्यापेक्षा ७,००० रुपयांनी महाग निघाला.

अण्णांनी बेरीज पाहिली आणि कागद उलटा करून मागून मोजायला सुरुवात केली. थैलीत ८०,०००. दुरुस्तीचे ४२,००० वजा. अचानक निघणाऱ्या खर्चासाठी ५,००० वजा. राहिले ३३,०००. "यापेक्षा एक रुपया जास्त बोलायचा नाही, व्हॉल्व्ह चांगले निघाले तरच पुढचे," असे त्यांनी सांगितले. ओल धरलेल्या हळदीचा भाव वाळविल्यानंतरच्या वजनावर ठरवितात, तसाच हा प्रकार होता. बहुतेक हौशी माणसे येथेच चुकतात. ते मागणीवरून घासाघीस करतात, पाच हजार उतरवून घेतल्याचा आनंद मानतात आणि दुरुस्तीचा आकडा घरी आल्यावर पाहतात.

व्होल्टेज उतरविणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची बाब थोडी विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण पुष्कळ चांगले नग याच एका दुर्लक्षाने जळाले आहेत. अमेरिकेसाठी बनलेला जुना अँप्लिफायर सुमारे ११७ व्होल्ट आणि ६० हर्ट्झच्या विजेवर चालतो. आपली वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. व्होल्ट उतरविता येतात, हर्ट्झ मात्र साध्या ट्रान्सफॉर्मरने बदलत नाहीत. आणि कमी हर्ट्झवर मूळ ट्रान्सफॉर्मर अधिक तापतो. म्हणून उतरविलेले व्होल्ट १२० न ठेवता ११० च्या आसपास ठेवणे शहाणपणाचे. त्यातच अनेक गावांत रात्री वीज २३० च्या बरीच वर चढते, त्यामुळे मागे चांगला स्टॅबिलायझरही असावा. जपानमधून आलेल्या नगाचे व्होल्ट १०० असतात, तेथे हीच काळजी दुप्पट घ्यावी. इंग्लंडचा माल या दृष्टीने सोयीचा, कारण तेथील वीज आपल्यासारखीच आहे. हंटिंग्डन येथे पीटर वॉकर यांच्या कंपनीने १९५३ मध्ये काढलेला क्वाड दोन हा १५ वॅटचा अँप्लिफायर आपल्याकडे सरळ भिंतीला जोडता येतो. पण त्याच्या एका पेटीत एकच बाजू असल्याने जोडी घ्यावी लागते आणि संग्राहकांच्या मागणीमुळे ती या रकमेत बसण्याची आशा थोडी. लीक कंपनीचा स्टीरिओ २० एका पेटीत दोन्ही बाजू देतो. शक्ती कमी, पण ज्यांचे स्पीकर हलक्या हाताने वाजतात त्यांनी तो डोळ्यांखालून घालावा.

पुण्याला जाताना नातवाने मिरजेच्या एका वृद्ध रेडिओ मेकॅनिकला सोबत नेले. तंबोरे आणि सतारी घडविणाऱ्या त्या गावात कानाने परीक्षा करणारी माणसे मिळतात. हातात मीटर घेऊन व्हॉल्व्हची पेटी उघडणारा मात्र आता हा एवढाच उरला होता. खरे पाहता जुना की नवा या प्रश्नाचे उत्तर येथेच ठरते. ज्या गावात असा माणूस नाही, तेथे जुना नग कितीही स्वस्त मिळाला तरी तो घेऊ नये. पुण्या-मुंबईला पंधरा किलोची पेटी वर्षातून दोनदा पाठविण्याचा खर्च आणि वाटेत ट्रान्सफॉर्मरच्या भाराने व्हॉल्व्ह फुटण्याची भीती, यांचा विचार केला तर नव्याची हमी स्वस्त वाटू लागते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर भाग मिळतील. भाग बसविणारा हात टपालाने येत नाही.

मेकॅनिकने प्रथम वीज लावलीच नाही. आधी वास घेतला. जळालेल्या वॉर्निशचा वास ट्रान्सफॉर्मरला वर्षानुवर्षे चिकटून राहतो. मग फ्यूज काढून पाहिला. एसटी ७० ला ३ अँपिअरचा, किंचित सावकाश वितळणारा फ्यूज लागतो. तेथे दहाचा फ्यूज किंवा गुंडाळलेली तार सापडली, तर आत काहीतरी वारंवार बिघडत होते आणि कोणीतरी ते झाकले, असा सरळ अर्थ. फ्यूज योग्य होता. मग व्हॉल्व्ह एकेक करून उजेडात धरले. काचेच्या आत वरच्या बाजूला आरशासारखा चकचकीत डाग असतो. तो चंदेरी किंवा काळसर असेल तर ठीक. पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली असे समजावे आणि तो व्हॉल्व्ह फेकून द्यावा. या परीक्षेला ना मीटर लागतो ना ज्ञान, तरीही घेणारे ती करीत नाहीत.

मग त्याने दोन्ही आऊटपुट ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्या मीटरने मोजल्या. छापील आकडा जवळ नसला तरी चालते, कारण स्टीरिओ अँप्लिफायरमध्ये डावी बाजू ही उजवीचे माप असते. दोन्हींचे आकडे जवळपास जुळले. त्यानंतर साठ वॅटचा दिवा सिरीजमध्ये जोडून वीज दिली. आत कोठे शॉर्ट असता तर दिवा पूर्ण तेजाने पेटला असता. तो मंदच राहिला. शेवटी स्पीकर जोडून वाजवून पाहिले. स्पीकर जोडल्याखेरीज व्हॉल्व्हचा अँप्लिफायर वाजविला तर आऊटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ट्रान्झिस्टरच्या सवयीने हे अनेकजण विसरतात. उजव्या बाजूला कंडेन्सरची गुणगुण होती, पीएएस ३ चे आवाजाचे बटण खरखरत होते. पण चारही ईएल ३४ आणि जीझेड ३४ मापाने चांगले भरले, आणि हे त्याने पेटीच्या मालकासमोरच मोठ्याने सांगितले.

नातवाने फोन लावला. व्हॉल्व्हचे १५,००० वाचणार होते. हे ऐकून अण्णांनी ३३,००० चा आकडा स्वतःहून ४०,००० केला. वाचलेल्या रकमेतील जवळपास अर्धा वाटा त्यांनी समोरच्याला दिला; मालाचा गुण समोर आल्यावर तो भावात न धरणे त्यांच्या पेढीवर कधी चालले नाही. मालक आधी ४२,००० वर अडला, मग ४०,००० ला राजी झाला. दुरुस्तीचे राहिले २७,०००. म्हणजे ६७,००० मध्ये काम झाले.

हाच सौदा दुसऱ्या एखाद्या घरात नव्याच्या बाजूने लागला असता, आणि त्याचे कारण पैसा नसून लहान मूल. या पेटीच्या पोटात ४०० व्होल्टच्या वर दाब असतो, आणि प्लग काढल्यानंतरही कंडेन्सरमध्ये तो काही काळ टिकून राहतो. वरचे व्हॉल्व्ह हात भाजण्याइतके तापतात. मूळ एसटी ७० वर जाळीदार पत्र्याचे झाकण येत असे, पण जुन्या नगांसोबत ते बहुधा हरवलेले असते. या घरातही चार वर्षांची मुलगी आहे. मेकॅनिकने पहिल्या दिवशीच सांगितले, झाकण आणि भिंतीतली अर्थिंग तपासून झाल्याखेरीज तो पेटी चालू करून देणार नाही. घरातल्या पत्र्याच्या कारागिराकडून जाळी बनवून घेतली आणि अँप्लिफायर मुलीच्या हाताला न येणाऱ्या फळीवर ठेवला. जुन्या घरगुती रेडिओंविषयी तर अधिकच सावध राहावे. त्यांतील एसी-डीसी दोन्हींवर चालणाऱ्या नगांचा लोखंडी सांगाडा थेट विजेच्या तारेला जोडलेला असू शकतो. माळ्यावरचा असा रेडिओ खाली उतरवून हौसेने प्लग लावण्यापूर्वी जाणत्या माणसाला दाखवावा.

व्हॉल्व्हच्या चालू खर्चाचाही हिशोब असतो. मोठे व्हॉल्व्ह दोन-तीन हजार तास, जपून वापरल्यास त्याहून अधिक चालतात; लहान व्हॉल्व्ह कित्येक पटींनी अधिक. रोज दोन तास धरले तर वर्षाचे ७३० तास, म्हणजे १२,००० रुपयांचा संच साधारण चार वर्षे पुरतो, वर्षाला ३,००० रुपये. वीज १५० ते २०० वॅट, महिन्याला नऊ ते बारा युनिट. हा खर्च नव्यालाही तेवढाच आहे, हे विसरू नये. हमीत व्हॉल्व्ह बहुधा धरलेले नसतात, किंवा काही महिन्यांपुरतेच असतात.

आज व्हॉल्व्ह बनविणारे कारखाने जगात थोडे: रशियात सारातोव्ह, स्लोव्हाकियात चाद्झा, आणि चीन. २०२२ च्या मार्चमध्ये रशियातून निर्यात थांबल्याची वार्ता आली, तेव्हा जगभरच्या हौशी लोकांनी धावपळ करून व्हॉल्व्ह साठविले आणि भाव चढविले. पुढे माल पुन्हा येऊ लागला. तेव्हा एखादा संच जवळ असावा, पण दहा वर्षांचा साठा करण्याचे कारण नाही. जुन्या काळातील न वापरलेले व्हॉल्व्ह मात्र वेगळ्या भावाने विकले जातात आणि तेथे नकली माल फार. काचेवरचे नाव म्हणजे शाई. ती पुसून दुसरी लावता येते. जर्मनीच्या टेलेफुंकेनच्या पुष्कळ लहान व्हॉल्व्हच्या तळाशी, काट्यांच्या मधोमध, काचेतच चौकटीची खूण उमटवलेली असते. नाव टेलेफुंकेन आणि तळ कोरा असेल तर अधिक पैसे मोजण्याआधी थांबावे. ज्या घरांत पूर्वी रेडिओची एजन्सी होती, त्यांनी माळा उघडून पाहण्यास हरकत नाही. भारत इलेक्ट्रॉनिक्सचे ईसीसी ८३ सारखे व्हॉल्व्ह मूळ खोक्यांत निघाले तर परदेशातही त्यांना गिऱ्हाईक आहे, आणि ते रद्दीवाल्याला किलोने देऊ नयेत.

परत विकण्याची वेळ आली तर? नवा, अनोळखी नावाचा अँप्लिफायर दुकानाबाहेर पडताच बराच उतरतो. नीट दुरुस्त केलेला एसटी ७० त्या मानाने भाव धरून राहतो, कारण त्याला ओळखणारे गिऱ्हाईक आहे. पण ही गोष्ट दुरुस्तीची बिले आणि काढलेले जुने भाग जपून ठेवणाऱ्यालाच लागू होते. नातवाने काढलेले ७१९९ चे बोर्ड आणि जुना कंडेन्सरचा डबा एका खोक्यात ठेवले आहेत.

थैलीत १३,००० उरले. त्यातील ४,००० नव्या सुईला गेले, कारण झिजलेली सुई तबकडी कोरून काढते आणि त्या तबकड्या पुन्हा मिळणाऱ्या नाहीत. उरलेले ९,००० पुढच्या व्हॉल्व्हच्या नावाने वेगळे ठेवले. अँप्लिफायर बसविला त्या संध्याकाळी मेकॅनिकने समोरच्या खाचेत मीटर लावून दोन्ही बाजूंचा दाब १.५६ व्होल्टवर जुळवून दिला आणि ते कसे करायचे हे नातवाला दोनदा करून दाखविले. आबांनी पहिल्या तबकडीनंतर काही म्हटले नाही. दुसऱ्या तबकडीनंतर तिसरी लावायला सांगितली.

आता त्या फळीवर एक लहान वही ठेवलेली असते. अँप्लिफायर किती वाजता लावला आणि किती वाजता बंद केला, हे सून रोज लिहिते. व्हॉल्व्ह किती तास चालले, ते त्यातून कळते. पहिल्या महिन्याची बेरीज ७१ तास आली आहे. अण्णांनी ती पाहून, या चालीने संच चार वर्षे पुरायचा नाही, असे कागदावर लिहून ठेवले आणि पेढीवर गेले.